खाडीपलीकडची भाषा

साठी उलटलेल्या माणसाला नवी भाषा शिकता येते काय, या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी हे लिहायला घेतले आहे. माझा पुरावा एकच, तो म्हणजे माझे चौलचे मोठे मेहुणे. आणि त्यांच्याइतका एका जागी न टिकणारा विद्यार्थी साऱ्या कुलाबा जिल्ह्यात झाला नसेल. ते उभ्याने जेवत, चालता चालता वर्तमानपत्र वाचत, आणि सत्यनारायणाच्या पूजेला यजमान म्हणून बसले तरी कथेच्या मध्येच उठून वाडीतला रहाट पाहून येत. रहाटाचा बैल दमून थांबे, हे थांबत नसत. "आमच्या दादाला बसवायचं तर पाटाला बांधायला हवं," असे माझी पत्नी, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, म्हणे.

अशा माणसाचा जिवलग एकच: रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा, कोर्लईचा इनास. तो भाजी पिकवी. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत घरोघर एक निराळीच भाषा बोलतात. पोर्तुगीज गेले, ती मागे राहिली. तिला ना पाठ्यपुस्तक, ना कोश. बाहेरच्यांशी मात्र सगळे मराठीच बोलतात, आणि मराठीतून भांडण्यात इनास कोणाला हार जात नसे. बाजाराच्या दिवशी तो होडीने खाडी ओलांडून मेहुण्यांच्या ओटीवर वांग्यांची टोपली उतरवी, आणि अर्धी सकाळ दोघे भावावरून हुज्जत घालीत. भावाशी खरे तर दोघांनाही कर्तव्य नव्हते.

मग इनासला अर्धांगाचा झटका आला. तो वाचला, पण त्याची मराठी गेली. उरली ती केवळ घरची भाषा. मेहुणे त्याला भेटून आले ते थेट माझ्या शाळेच्या व्हरांड्यात येरझारा घालू लागले.

"मास्तर, मी बोललो की तो भिंतीकडे तोंड करतो. परक्याकडे पाहावं तसा पाहतो. मला त्याची भाषा शिकायची आहे, आणि लवकर."

मी रीतसर योजना आखली: आधी नामे, मग क्रियापदे, मग लहान वाक्ये, शिकवणार इनासची बायको. चारच दिवसांत तिची तक्रार आली. "मास्तर, मी शब्द सांगतंय, तवर हा मानूस हिरीवर पोचलेला असतो."

मेहुणे शांतपणे म्हणाले, "तुमची पद्धत बसणाऱ्यांची आहे."

आणि ते चालू लागले. कोर्लईच्या भाजीवाल्या टोपल्या घेऊन निघत, त्यांच्या मागोमाग हे. होडीत त्यांच्यात, बाजारात त्यांच्या पाठीशी. आपसात त्या घरच्याच भाषेत बोलत, गिऱ्हाइकांच्या नकलाही तीतच करीत. "दादा, भाजी घ्यायची हाय, का आमच्या चहाड्या ऐकायच्या हायत?" असे एकीने दरडावले, तेव्हा ह्यांनी तेच वाक्य तिच्या भाषेत कसे म्हणतात ते विचारून पाठ केले. थंडी पडेपर्यंत ते बोलू लागले. परंतु जे कानी पडले तेच त्यांना येई: भाव, घासाघीस आणि शेलक्या शिव्या. 'कसा आहेस' हे बाजारात कोणी कोणाला विचारीत नाही, म्हणून ते राहून गेले होते. एवढ्यावर आजाऱ्याची विचारपूस कशी व्हायची, ही माझी शंका ऐकायला ते थांबले नाहीत. मी सोबत गेलो.

इनास भिंतीकडे तोंड करून निजला होता. मेहुण्यांनी खाटेभोवती एक फेरी मारली आणि एकदम काहीतरी म्हटले. इनासच्या बायकोने तोंडाला पदर लावला. "म्हनतात, तुझी वांगी किडकी हायत."

इनासने मान वळवली. मग चांगला होता तो हात उचलून अडखळत बोलला.

"घ्यायची न्हाय तर हात लावू नको, म्हनतोय," ती म्हणाली.

त्या खोलीत एकही वांगे नव्हते. त्यांचा भाव मात्र शेवटच्या होडीपर्यंत ठरला नाही. निघताना काय म्हणतात तेही मेहुण्यांना ठाऊक नव्हते, तेव्हा बाजारातले गिऱ्हाईक म्हणते तेच ते म्हणाले: "महाग आहे. उद्या येतो." पुढे रोज हेच म्हणून ते उठत. पावसाळ्याच्या तोंडी इनास गेला, त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनी निरोप घेतला तो असाच.

त्यांना ती भाषा आली, असे मी म्हणतो खरे. पण मला स्वतःला ती येत नाही, आणि न येणाऱ्या विषयात गुण देणे शिक्षकाला शोभत नाही. तरी वाचकांनी एकदा खाडी ओलांडावी, आणि इनासच्या बायकोला स्वतः विचारून खात्री करून घ्यावी.