पणजोबांसाठी काढलेली मिशी

२०१४ सालच्या जून महिन्यात, एका शनिवारी सकाळी आमच्या घरमालकांनी बावन्न वर्षं जोपासलेली मिशी काढली. कोणी वारलं नव्हतं. आमच्या घरात मात्र तसं गृहीत धरून नऊ वाजेपर्यंत पिठल्याला फोडणी पडली होती.

रेगेन्सबर्गपासून रेल्वेने वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात ते तळमजल्यावर राहत, आम्ही वर. आम्ही म्हणजे मी, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला नवरा, सात वर्षांची इरा आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेल्या सासूबाई. घरमालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पत्नी वारलेली, मुलगा कॅनडात. इरा त्यांना ओपा म्हणे, आम्ही आजोबा. सासूबाई वयाने जवळच्या, त्या भाऊ म्हणत. त्या मराठी बोलत, ते बव्हेरियन. दुभाषी इरा. ती आजीचं मराठी जर्मनमध्ये पूर्ण सांगे. उलट दिशेला दोन-तीन शब्दांत उरकत असे.

"आमच्यात चालत नाही," हे आजोबांचं पालुपद. "आमच्यात" म्हणजे त्यांच्या पणजोबांच्या घरात. पणजोबा आमिश होते: शस्त्र न धरणारे, शपथ न घेणारे, साधेपणाचा कडक नियम पाळणारे ख्रिस्ती शेतकरी. एकोणिसाव्या शतकात ते बायको आणि नऊ मुलांसह गावाबाहेरची एका जहागीरदाराची जमीन खंडाने कसत. नऊपैकी आठ मुलं अमेरिकेला गेली. नवव्याने कॅथलिक मुलीशी लग्न केलं आणि घरातलं आमिशपण तिथे संपलं. आजोबा स्वतः मोटार चालवत, भांडी मशिनला लावत आणि रविवारी टीव्हीवर फुटबॉल बघत. नियम तेवढे पणजोबांचे सांगत. आमिश माणूस कोटाला बटणं लावत नसे. बटणं ही गणवेशाची ऐट. त्यांचे कोट हुकांनी बंद होत. नवरा एकदा म्हणाला, "आजोबा, तुमच्या जॅकेटला झिप आहे."

"झिप म्हणजे बटण नव्हे," आजोबा म्हणाले.

त्या उन्हाळ्यात गावाच्या वर्धापनदिनाची मिरवणूक होती. प्रत्येक जुन्या घराण्याने पूर्वजांच्या वेशात मुख्य रस्त्यावरून चालायचं होतं. घराण्यांची यादी गावाच्या जुन्या वहीवरून केली होती आणि वहीत फक्त जमीनमालक होते. तीस वर्षं जमीन कसलेल्या पणजोबांचं नाव तिच्यात नव्हतं. आजोबांनी समितीला तीन पत्रं लिहिली. चौथ्या पत्राला उत्तर आलं: शेवटचा क्रमांक मिळेल, पण घराणं म्हणून यावं लागेल. एकट्या माणसाला प्रवेश नाही.

ते पत्र घेऊन जिना चढून आले आणि दारातच उभे राहिले. "आल्झो, तर असं आहे," ते म्हणाले, "मला जुलैत एका दिवसासाठी कुटुंब हवंय."

आम्ही हो म्हटलं. मी सून, इरा नात, नवरा त्यांचा मुलगा. सासूबाईंना त्यांनी पत्नीची भूमिका देऊ केली. इराने भाषांतर केलं: "आजी, तू ओपाची बायको."

"अगं बाई! घरी ह्यांना काय सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "बहीण म्हणून येते म्हणावं." भाऊ त्या आधीपासून म्हणतच होत्या.

समितीकडून आलेल्या काळ्या कोटाला पितळी बटणं होती. आजोबांनी ती उभ्या उभ्या कात्रीने उडवली. सासूबाईंनी बॅगेतून तुळशीबागेतलं ब्लाऊजच्या हुकांचं पाकीट काढलं आणि दोन दुपारी बसून चौदा हूक लावले. आजोबांनी चौदाही लावून आणि काढून पाहिले. "गेनाऊ," ते म्हणाले. अगदी असंच.

मिशीचं कोणालाच माहीत नव्हतं. नंतर कळलं ते असं: गुरुवारी ते इराला सांगत होते, की आमिश पुरुष दाढी ठेवत पण मिशी नाही, कारण मिशी सैनिकाची. इराने विचारलं, "मग ओपा, तुझी?" शुक्रवारी ते घराबाहेर पडले नाहीत. शनिवारी सकाळी सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं तेव्हा ते कचऱ्याचा डबा ओढत होते, आणि नाकाखाली काही नव्हतं.

"अगं, भाऊंची मिशी काढलेली आहे," त्या मला म्हणाल्या. "कोण गेलं गं त्यांचं?"

वडील गेले की मुलगा मिशी उतरवतो, हे त्यांना ठाऊक होतं. आजोबांचं वय पाहता वडील असणं कठीण, हे मी सांगितलं. "कोणीतरी गेलंय," त्या म्हणाल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाताचा डबा घेऊन त्या खाली गेल्या. मागे मी आणि इरा. सासूबाई आजोबांसमोर बसल्या. मग विचारलं, "कोण गेलं, भाऊ?"

इराने विचारलं. आजोबांनी थोडा विचार केला. "पणजोबा."

"कधी?"

"दीडशे वर्षं होत आली."

सासूबाईंनी हा आकडा इराकडून दोनदा वदवून घेतला. मग डबा उघडला. "असू दे. खाऊन घ्या."

त्यांनी सगळं खाल्लं. ताटली पुसून झाल्यावर म्हणाले, "गावातून पणजोबांसाठी कोणी जेवण घेऊन आलं, असं हे पहिल्यांदाच." नंतर त्यांनी मिशीचा नियम समजावला आणि शेवटी सांगितलं, की मुलगा म्हणून चालणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही तो लागू आहे.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "त्याचे वडील जिवंत आहेत. आमच्यात चालत नाही."

हे वाक्य इराने शब्दशः सांगितलं. आजोबांना ते ताबडतोब पटलं. तोडगा सोमवारी निघाला: नवऱ्याने मिशीसह यायचं, पण शेतकऱ्याची मुलं लष्करात न्यायला आलेला सैनिक म्हणून, आणि कुटुंबाच्या दहा पावलं मागून चालायचं.

मिरवणुकीच्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाई यादी घेऊन आल्या. त्यांनी काळ्या टोपीतल्या सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमिश लोक असे दिसत नव्हते," त्या म्हणाल्या.

"तुमच्या घरातलं कोणी कधी त्यांच्या दारी गेलं होतं?" आजोबांनी विचारलं.

"माहिती नाही."

"मी सांगतो. कोणी नाही. मग कसे दिसत होते हे तुम्हाला काय ठाऊक?"

अध्यक्षबाईंनी यादीवर खूण केली. आम्ही सर्वांत शेवटी, अग्निशमन दलाच्या मागून चाललो. चर्चसमोर लाउडस्पीकरवर पणजोबांचं नाव दोनदा घेतलं गेलं, दुसऱ्यांदा बरोबर. आजोबांनी टोपी काढली नाही, हातही हलवला नाही. ते आमच्यात चालत नव्हतं. सैनिक मधेच ओळखीच्यांशी गप्पा मारायला थांबला, म्हणून त्याला नंतर ऐकून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी मिशी पुन्हा वाढवायला घेतली. ऑक्टोबरात ती पूर्ववत झाली.

२०१८ च्या फेब्रुवारीत ते झोपेत गेले. कॅनडातून निघालेल्या मुलाचं विमान बर्फामुळे अडकलं आणि तो अंत्यविधीला पोचू शकणार नाही, असं कळलं. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने पुण्याला फोन करून आईला एक प्रश्न विचारला. "थांब, ह्यांना विचारते," सासूबाई म्हणाल्या. पलीकडे बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग सासरे स्वतः फोनवर आले. "माझी तब्येत उत्तम आहे," ते म्हणाले. "काढ."

सकाळी दफनभूमीच्या फाटकात अध्यक्षबाई भेटल्या. त्यांनी नवऱ्याशी हात मिळवला, त्याच्या चेहऱ्याकडे दोनदा पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "यंदाही मिरवणूक आहे का?"

"नाही," नवरा म्हणाला.