साडूंच्या टबातले भुंगेरे

रायपुरातला एखादा तलाव आटेल, पण आमच्या मोठ्या साडूंनी डोक्यात घेतलेलं सुटणार नाही. सबंध नोकरी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली, निवृत्तीनंतर ते चौबे कॉलनीला शिकवतात. स्वच्छतेचा सोस एवढा, की कोथिंबीर जंतू मारणाऱ्या लाल औषधाच्या पाण्यातून तीनदा निघाल्याशिवाय ओट्यावर चढत नाही. एकदा मी नेलेल्या पेढ्यांकडेही त्यांनी त्याच नजरेनं पाहिलं. मेहुणीनं वेळीच डबा उचलला म्हणून बरं.

जवळच्या तलावातली कमळं सुशोभीकरणासाठी काढणार, असं कळलं आणि साडू पेटले. त्या पानांवर तांब्याच्या रंगाचे बारके भुंगेरे राहत. कमळं गेली की तेही जाणार. साडूंनी गोलबाजारातून भलामोठा टब आणून गच्चीवर चिखल, कमळाचे कंद आणि चार भुंगेरे वसवले. अंडी दिसली तेव्हा मला बाळंतपणाची बातमी द्यावी तसा फोन आला. पुढे अळ्या निघाल्या, मुळांपाशी गेल्या आणि एकूण एक मेल्या.

साडू दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग पुस्तकं काढली. ही अळी पाण्याखाली मुळांचा रस पिऊन जगते. त्या रसात जे कमी पडतं, ते तिच्या पोटातले जीवाणू तिला पुरवतात. हे जीवाणू आईच अंड्यांवरच्या चिकट लेपात ठेवून जाते. साडूंनी मात्र अंडी चिकट दिसली म्हणून लाल औषधाच्या पाण्यानं हळुवार धुतली होती.

“साडभाऊ, मायनं लेकराले शिदोरी देली, अन् मी ते धुऊन टाकली,” एवढंच ते म्हणाले. मला त्यांची पहिल्यांदाच दया आली.

दुसऱ्या दिवशी ते तलावाच्या गुडघाभर चिखलात उतरून उरलेल्या पानांवरची अंडी घेऊन आले. आता टबाला कोणी हात लावायचा नव्हता. शेवाळ माजलं, वास सुटला, शेजारीण भांडायला आली. साडू शांतपणे म्हणाले, “गंदा रहने दो, दीदी. बच्चे बड़े हो रहे हैं.”

वर्षभरानं सात भुंगेरे वर आले. तोवर तलावात कारंजी होती, कमळ एकही नव्हतं. मग शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यांच्याही पलीकडे, एका गावच्या कमळांच्या तलावावर आम्ही ते स्कूटरवरून नेले. साडूंनी बरणी उघडली. सातही भुंगेरे पानापानांवरून दूर गेले, आणि साडू बराच वेळ झाकण हातात धरून उभे राहिले.

दर रविवारी ते तिथे जातात. आल्यावर मी विचारतो, दिसले का?

“दिसतीन,” ते म्हणतात. आणि खरं सांगतो, ते दिसावेत असं आता मलाही फार वाटतं.