बदलीचं खोकं

त्या खोक्याची टेप उन्हाने सुटली, असं मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. निवृत्त होऊन दिल्लीतल्याच द्वारकेत राहायला आलो, तरी विषय निघाला की तेच सांगत राहिलो. ते खरं नाही.

सरोजिनी नगरजवळच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचो. शेवटच्या काही वर्षांत पाचवीच्या मुलांना आजची कला दाखवावी, असं माझ्या मनाने घेतलं. चित्र काढायचं नाही. घरातली एखादी वस्तू आणायची आणि बघणाऱ्याला प्रश्न पडेल अशी मांडायची, एवढंच सांगितलं.

"सर, फिर मार्क्स किस चीज़ के मिलेंगे?" एकाने विचारलं. मलाही नक्की माहीत नव्हतं.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून एक मुलगी यायची, मूळची नागपूरची. वर्गात हिंदी बोलायची, माझ्याशी हळूच मराठी. तिने वडिलांना एक बंद खोकं उचलून आणायला लावलं. त्यावर मार्करने नागपूर, भोपाळ, रायपूर असं लिहून खोडलेलं आणि खाली दिल्ली.

"काय आहे यात?"

"माहीत नाही ना, सर. आईलाही आठवत नाही. प्रत्येक बदलीला आमच्यासोबत येतं आणि उघडायचं राहूनच जातं."

"मग तू यात काय केलंस?"

"मी फक्त आणलं. आत काय असेल ते बाकीच्यांनी सांगायचं."

बदलीच्या नोकरीतल्या कितीतरी घरांत मी पलंगाखाली अशी खोकी पाहिली होती. त्यातलं एखादं लोकांसमोर ठेवावं, असं मला कधी सुचलं नव्हतं.

प्रदर्शनात खोकं स्टुलावर ठेवलं, शेजारी अंदाज लिहून खोक्यावर चिकटवायला कोऱ्या चिठ्ठ्या. पहिल्याच दिवशी ते चिठ्ठ्यांनी भरून गेलं. कुणी लिहिलं आजीची शाल, कुणी मेलेला पोपट, कुणी पप्पांनी लपवलेली बॅट. गणिताच्या मॅडम "इस्त्री है, पक्का" म्हणत खोकं उचलायला गेल्या, तर ही पोरगी त्यांच्यावर ओरडली, "मॅडम, हिलाना मना है!"

मी चिठ्ठी लावली नाही. मला अंदाज नको होता, उत्तर हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी कटरने टेप कापली, आत पाहिलं आणि झाकण मिटलं. जुनी टेप परत चिकटेना.

मुलं आली. "अरे यार, खुल गया! देख ना!" ती मुलगी धावत आली, झाकणावर दोन्ही हात दाबून धरले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"सर, टेप द्या ना. लवकर."

"उन्हाने सुटली असेल, बेटा," मी म्हणालो.

"मी बिल्कुल नाही बघणार," म्हणत तिने डोळे मिटूनच टेप लावली, वाकडीतिकडी. पण खोकं एकदा उघडलं म्हटल्यावर पोरांचा रस गेला. त्यानंतर एकही नवी चिठ्ठी लागली नाही. ती मात्र संध्याकाळपर्यंत स्टुलाशेजारी उभी होती.

आता ती कॉलेजात आहे. कुणाकडून तरी नंबर मिळवून मागच्या महिन्यात तिने फोन केला. मधे आणखी एक बदली झाली होती, खोकं अजून बंदच होतं.

"चिठ्ठ्याही ठेवल्यात, सर. सगळ्या परत वाचल्या. तुमचीच नाही सापडली. तुमचा अंदाज काय होता?"

काहीतरी ठोकून देता आलं असतं. शाल म्हटलं असतं तरी तिला पटलं असतं.

"टेप उन्हाने सुटली नव्हती," मी म्हणालो. "मी कापली होती."

"म्हणजे तुम्ही बघितलंत?"

"हो."

 

"सांगू नका हं," ती म्हणाली. मग लगेच, "नाही, एवढंच सांगा. कुणाची चिठ्ठी बरोबर होती का?"

"सांगू?"

"थांबा, सर. थांबा. विचार करून फोन करते."

अजून तिचा फोन आलेला नाही. आत काय होतं ते मी इथेही लिहीत नाही. तिने विचारलं, तर आधी तिला सांगेन.