बाराव्या भागातला हात

"एक नंबरची चूक ही," असं म्हणून डॉक्टरांनी बोट थेट मॉनिटरच्या काचेवर टेकवलं. मला ते अजिबात आवडत नाही. काचेवर डाग पडतात.

बारावा भाग, चौदावं मिनिट. कॅप्टन भार्गव यानाच्या दारात उभा आहे. अचानक त्याचा उजवा हात लुळा पडतो. तेवढ्यात छतातून माणसाचा एक हात खाली येतो. कॅप्टनच्या डोक्यापेक्षा मोठा, मनगटापर्यंत. बोटं काहीतरी करतात, हात वर नाहीसा होतो. कॅप्टनचा हात पुन्हा उठतो आणि तो सलाम ठोकतो. सगळं मिळून चार सेकंद.

मालिका बाहुल्यांची होती. अंतराळयानं, शनीची कडी, लाकडाचे अंतराळवीर आणि वरून ओढायचे दोरे. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष झालं होतं, तेव्हा ती रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची. दादरच्या एका गोडाऊनमध्ये तिचं शूटिंग व्हायचं आणि मी तिथे असिस्टंट एडिटर होतो. वीस-बावीस वर्षांनी तीच मालिका डीव्हीडीवर आणायचं काम माझ्याच टेबलावर आलं. आमचा स्टुडिओ परळला, एका बंद गिरणीच्या शेडमध्ये होता. जुन्या टेप साफसूफ करून कॉम्प्युटरवर घ्यायच्या, हे माझं खातं.

डॉक्टर म्हणजे हिंदू कॉलनीतले दातांचे डॉक्टर आठल्ये, मालिकेच्या चाहता मंडळाचे अध्यक्ष. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून कीड शोधायची, ती सवय इथेही. त्यांनी चुकांची टाइप केलेली यादी आणली होती. एकूण त्रेसष्ट. कॅप्टनच्या बाहीवर चौथ्या भागात तीन पट्ट्या, पाचव्यात चार. मंगळ आणि शुक्र हा एकच गोळा, नुसता उलटा टांगलेला. यानाची खिडकी म्हणजे कुकरची रिंग. दोरे सगळीकडे दिसतात. आणि एक नंबरला हा हात.

"अहो, आम्ही लहानपणी याला राक्षस म्हणायचो," ते हसत म्हणाले. "पण आता डीव्हीडीवर शोभणार नाही."

तो हात मी ओळखला होता.

शंकरमामा पेडणेकर, सेटवर सगळ्यांचेच मामा. लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे माग. संपात घरी बसले, तेव्हा आमच्या आर्ट डायरेक्टरने दोरे ओढायला त्यांना बोलावलं. साच्यावर ताण्यातला उभा धागा तुटला की विणकर विचार करत बसत नाही. हात आपोआप जातो, गाठ मारतो, टोकं तोडतो. त्या दिवशी कॅमेरा चालू असताना कॅप्टनचा दोरा तुटला आणि मामांचा हात तसाच गेला. डायरेक्टर खालून ओरडला, "मामा, शॉट चालू आहे!" तोवर गाठ बसली होती. पुन्हा शॉट घ्यायला वेळ नव्हता. तसाच ठेवला.

रविवारी चाळीतल्या एकुलत्या एका टीव्हीवर तो हात दिसला आणि अख्खी खोली ओरडली होती, असं मामांनीच मला सांगितलं होतं. त्या वर्षात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं. संप मोडला, मामांना परत कामावर घेतलं नाही. पुढे ते कुठल्याशा टॉवरखाली वॉचमन झाले आणि त्यातच गेले.

त्याच संध्याकाळी मी मामींकडे गेलो. जायला नको होतं. पण एवढी बातमी पोटात राहीना.

"मामी, मामांचा हात सापडला. टीव्हीतला."

मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. भिंतीवर मामांचा फोटो होता, गिरणीच्या पासावरचा, मोठा करून घेतलेला.

"ह्यो एकच फोटो," त्या म्हणाल्या. "ह्येच्यात मान आसा. हात खंय आसत?"

मी फोटोकडे पाहिलं. तो खांद्यापर्यंतच होता.

"शेवटची वर्सां नुसते मांडीर हात ठेवून बसत रे, गेटावर. माझ्या डोळ्यांसमोर तांच येता. माका एकदा त्येंचे हात कामाक लागलेले बघूचे आसत. कधी दाखवतलंस?"

"आठ दिवसांत. सीडीवर काढून देतो. तुमचीच राहील."

दिला शब्द. आता अडचण समजून घ्या. अशा जुन्या टेपवरचा तपकिरी लेप मुंबईच्या दमट हवेत चिकट होतो. टेप लावली की तो सुटून मशीनच्या हेडला चिकटतो. म्हणून टेप आधी मंद आचेवर आठेक तास शेकायची, पापड वाळवतो तशी, मग चालवायची. ती एकदा चालते. नशीब असेल तर दोनदा. बाराव्या भागाची टेप एकदाच चालली आणि शेवटी तिच्यावरचा लेप पापुद्र्यांनी खाली पडला. म्हणजे कॉम्प्युटरवर उतरलेली कच्ची फाईल हीच एकुलती एक प्रत.

मी आमचे मालक शहासाहेबांना म्हणालो, "तो हात राहू द्या ना. त्यामागे गोष्ट आहे."

"गोष्ट डिस्कवर लिहून येणार काय?" ते म्हणाले. "कदम, क्लायंटने डॉक्टरची यादी मंजूर केली. त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट. तुला पाहिजे तर कच्चा माल ठेव घरी, मला काय प्रॉब्लेम नाय."

मला तेवढं पुरे होतं. डीव्हीडीतून हात जाईल, पण कच्च्या फाईलमधून मामींची सीडी निघेल. घाई काय, म्हणून मी उद्यावर ढकललं. उद्याचं परवा झालं.

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या डिस्कवर जागा कायम कमी. म्हणून नियम होता: भाग पास झाल्याची सही झाली की संध्याकाळी त्याची कच्ची फाईल उडवायची. नियम मीच केला होता आणि भिंतीवर माझ्याच अक्षरात लावला होता. अकरा, बारा, तेरा असे तीन भाग एकत्र पास झाले. कागद समोर आला तेव्हा मी फोनवर होतो. फोन खांद्यात धरून तिन्ही ठिकाणी सही केली.

दुसऱ्या दिवशी सीडी काढायला बसलो, तर बाराव्याची कच्ची फाईल नाही. ऑपरेटर निलेशला विचारलं.

"सर, तुमची सही होती ना," तो म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

दोन दिवस आम्ही डिस्क उकरली. काही हाती लागलं नाही. साफ केलेल्या भागात कॅप्टन भार्गव रुबाबात उभा होता आणि न थांबता सलाम ठोकत होता. हात नाही, दोरे नाहीत. काम इतकं सफाईदार झालं होतं की मला माझीच चीड आली.

शेवटी लाज गिळून डॉक्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"माझ्याकडे आहे तो भाग," ते म्हणाले. "बाबांनी आखातातून व्हीसीआर आणला होता. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला. कदमसाहेब, मी उद्याच घेऊन येतो."

मला हायसं वाटलं. मामींनाही त्याच वेळी बोलावलं. गिरणीच्या आवारात शिरताना त्या थबकल्या. मामांची गिरणी ती नव्हे, पण धुराडं तसंच. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. डॉक्टरांनी पिशवीतून कॅसेट काढली आणि मामींना वाकून नमस्कार केला.

कॅसेट लावली. चित्र धुरकट, पण चालत होतं. कॅप्टन दारात आला. त्याचा हात लुळा पडला. आणि पडदाभर पांढरे पट्टे, खरखर. चार सेकंद. मग चित्र स्वच्छ झालं, कॅप्टनचा हात उठला, सलाम.

"ट्रॅकिंग बघा," डॉक्टर म्हणाले. चित्र स्थिर करायचं ते बटण फिरवलं. कॅसेट काढून पुसली. चारदा लावली. आधीचं सगळं ठीक, नंतरचंही ठीक. फक्त तेवढीच जागा गेलेली.

मी झाकण उघडून टेप दिव्याखाली धरली आणि मला कारण कळलं. व्हीसीआरवर पॉज केलं की टेप थांबते, पण हेड फिरत राहतं आणि त्याच जागी घासतं.

"डॉक्टर, हा शॉट तुम्ही पॉज करून पाहायचात?"

त्यांचा चेहरा पडला. "कोण घरी आलं की दाखवायचो," ते हळूच म्हणाले. "सगळे हसायचे. शेकडो वेळा लावला असेल. मीच संपवला तो."

ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मला त्यांचा राग आला नाही. सही माझी होती.

मामींना मी खरं काय ते सांगितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

लावलं. लुळा हात, पांढरे पट्टे, सलाम.

"ह्यो कॅप्टनचो हात वर गेलो, तो ह्येनी गाठ मारली म्हणान ना?"

"हो मामी."

"गाठ दिसता?"

मी पडद्याजवळ जाऊन निरखलं. पुढचे सगळे भाग कॅप्टन त्याच गाठीवर चालला होता आणि चाहत्यांच्या त्रेसष्ट चुकांत ती गाठ कुठेही नव्हती. "नाही दिसत," मी म्हणालो.

"नाय दिसूची," मामी म्हणाल्या. "बरी मारलेली गाठ दिसत नाय." मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि जिन्यापर्यंत सोडायला येऊ नको म्हणाल्या.

डीव्हीडी बाजारात आली. पंधरा दिवसांत चाहत्यांची पहिली तक्रार आली. बाराव्या भागात मूळचा हात होता, तो का काढला, सगळी मजा गेली. शहासाहेबांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

भिंतीवरचा तो नियम मी फाडून टाकला. आता कच्ची फाईल दोन ठिकाणी ठेवतो आणि सही करताना फोन बंद असतो. क्लायंट चुकांची यादी घेऊन आला, की चूक दुरुस्त करण्याआधी ती करणाऱ्याचं नाव विचारतो. बहुतेकांना ते माहीत नसतं.