दस्तगीर मिस्त्रींचं पहिलं घर

दस्तगीर मिस्त्री आमच्याकडे आले की आधी माणसांशी बोलायचे नाहीत. पायरीवर चपला काढायच्या, दाराशेजारच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचं, कान लावायचा आणि मग आईला म्हणायचं, "बरं हाय वैनी. च्या टाका." भिंतीची खुशाली कळल्याशिवाय हा माणूस चहा घेत नाही, अशी आमच्या घरात थट्टा होती.

त्याला कारणही तसंच होतं. सांगली-मिरज रस्त्यालगतच्या माळावर पहिल्यांदा प्लॉट पडले, तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे एका साध्या शाळामास्तरानं, तिथं चार खोल्यांचं घर बांधायला काढलं. भाजक्या विटा, बैलाच्या घाण्यात मळलेला चुना, वर मंगळोरी कौलं, पुढं लाकडी जाळीचा व्हरांडा. दस्तगीर तेव्हा विशीतले. बापाच्या हाताखालून सुटून एकट्याच्या जबाबदारीवर बांधलेलं हे त्यांचं पहिलं घर. पुढं त्यांनी पुष्कळ घरं बांधली, पण जीव अडकला तो इथंच.

आणि तेच घर पाडायला मी त्यांनाच बोलावलं. साल बहात्तर. वडील गेले होते. मी शिकून एका साखर कारखान्यावर ओव्हरसियर झालो होतो आणि अंगात मोठा इंजिनिअर संचारला होता. शेजारी स्लॅबची दोन घरं उठली होती. हातापाया पडून मी सिमेंटचं परमिट मिळवलं होतं. खरं सांगायचं तर कौलारू घरात राहायची मला लाज वाटत होती.

मिस्त्रींनी शांतपणे चहा संपवला. बशी बाजूला ठेवून म्हणाले, "पाडू की. पर आमच्या घराण्याचा येक नेम हाय. आदी समद्या भिंतींना ओळंबा लावायचा. कललेली आसंल ती पाडायची. सरळ हुबी आसंल तिच्यावर आमी हातोडा उचलत न्हाई. मग तू दुसरा गवंडी बघ."

मला हा नेम एकदम पसंत पडला. पस्तीस वर्षांच्या चुन्याच्या भिंती, त्यात कोयनेच्या भूकंपाचा हादरा खाल्लेल्या. सरळ राहतीलच कशा? शिवाय हातचलाखी नको म्हणून ओळंब्याची दोरी मीच धरणार, असंही बजावलं.

"धर की रं. विंजनेर तू हाईस."

रविवारी सकाळी तपासणी सुरू झाली. मी स्टुलावर चढून दोरी धरलेली, मिस्त्री खाली उकिडवे बसून ओळंब्याच्या वजनाकडे बघत, आणि आई दारात उभी. तिनं मला एका शब्दानं अडवलं नव्हतं, पण दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पुढची खोली सरळ निघाली. माजघरही सरळ. स्वयंपाकघराच्या भिंतीला भूकंपात चीर गेली होती, त्यावर माझी सगळी भिस्त. मिस्त्रींनी तिथला गिलावा खरवडून दाखवला. आत वीट न् वीट शाबूत, आणि भिंतही सरळ.

"गावात वाडं हाईत, देवळं हाईत," ते खालूनच बोलत होते. "ती बघाया लोक येत्यात. ह्या घराला कोन येनार? पर मास्तरानं पगारावर, गावाभाईर, चारी बाजूंनी खिडक्या ठिवून घर बांधावं, हे आमी आदी कवा बघितलंच नव्हतं. लोक सायकली काढून बघाया यायचं. तुला ठावं न्हाई. हात हलवू नगंस."

मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

शेवटी मागची न्हाणी राहिली. तिची भिंत चांगली दोन बोटं कललेली! मिस्त्री उठले, कंबर सरळ केली आणि गंभीरपणे म्हणाले, "ही मातुर पाडाया पायजे."

आई पदरात तोंड लपवून हसायला लागली. ती भिंत चुन्याची नव्हतीच. आदल्या वर्षी मी स्वतः समोर उभा राहून, दुसऱ्याच गवंड्याकडून सिमेंटात बांधून घेतली होती. "भाऊजी, चहा ठेवू का आता?" आईनं विचारलं. त्या दुपारी न्हाणीची तेवढी भिंत पडली. परमिटाचं सिमेंट तिच्याच कामी आलं आणि आई पोटभर जेवली.

सात वर्षांनी मिस्त्री आजारी पडले. मी मिरजेला भेटायला गेलो. खाटेवर पडूनच त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"आमच्या घराण्यात नेमबिम काय नव्हता रं. म्या जाग्यावरच केला. पयलं घर हुतं, हात उचलंना." थोडा दम घेऊन म्हणाले, "तुझ्याशी खोटं बोललो. आता म्या चाललो. स्लॅब टाकायचा आसंल तर खुशाल टाक. माज्याकडनं तू मोकळा हाईस."

आठच दिवसांत ते गेले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. पैसे आहेत, सिमेंट हवं तेवढं मिळतं, अडवणारं कुणी उरलेलं नाही. पण मरताना ज्यानं इतक्या मोठ्या मनानं मोकळीक दिली, त्या माणसाचं पहिलं घर पाडायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.