धाकट्या साडूचा बंदोबस्त

औषधांच्या एका अवाढव्य गोदामाचे सुरक्षाप्रमुख पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा विद्यार्थी झाले. विषय, सुरक्षा तंत्रज्ञान आणि जोखीम व्यवस्थापन. पदवी पदव्युत्तर, वर्ग संध्याकाळचे. हे लांबलचक नाव घरात एका दमात म्हणून दाखवताना त्यांना वाटलं, आता तरी सासुरवाडीत आपली खुर्ची धाकट्याच्या वर लागेल.

धाकटा म्हणजे त्यांचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. विमा कंपनीत होता. त्याचा पगार जास्त, घर मोठं आणि चाळिशीतही डोक्यावरचे सगळे केस जागच्या जागी. सासूबाई थोरल्यांना विचारत, "जेवलात का?" आणि धाकट्याला म्हणत, "अजून थोडं घ्या ना." या दोन वाक्यांमधली दरी थोरल्यांनी वर्षानुवर्षं पोटात सांभाळली होती. बरं, माणूस खवट तरी असावा! तोही नाही. इतका गोड की राग काढायला जागा सापडू नये.

पुढच्याच आठवड्यात हा गोड माणूस वर्गात शेजारच्या बाकावर येऊन बसला.

"दादा, तुमचं बघूनच हुरूप आला! विम्यातसुद्धा धोकाच मोजायचा असतो ना!"

थोरले हसले. दाढदुखीत माणूस फोटोसाठी हसतो, तसे.

सरांनी फळ्यावर हिरवे, पिवळे, लाल चौकोन काढले. घडण्याची शक्यता जास्त आणि नुकसानही जास्त, तो धोका लाल चौकोनात. थोरल्यांनी मनातल्या मनात लाल चौकोनात धाकट्याला बसवलं, केसांसकट. पहिल्या वर्षाचा निकाल लागला. धाकटा पहिला, थोरले दुसरे.

"अहो, दुसरा नंबर काही वाईट नसतो," बायको म्हणाली. "तुम्हाला तर सवय आहे."

आता उरली होती शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. प्रत्येकाने वर्गातल्या दुसऱ्याच्या कामाच्या जागी पास नसताना शिरायचं, थेट नियंत्रण कक्ष गाठायचा आणि तिथे सरांनी दिलेलं लाल स्टिकर चिकटवायचं. आठवड्याची मुदत. कंपन्यांची परवानगी होती. मारामारी नाही, मोडतोड नाही. शिरला तर मार्क शिरणाऱ्याला, अडवला तर अडवणाऱ्याला. थोरल्यांचं गोदाम कोणाच्या वाट्याला आलं, हे सांगायलाच हवं का? त्याला आठवडाभर बाहेर ठेवला, की पहिला नंबर थोरल्यांचा.

मग जो बंदोबस्त झाला, तसा त्या गोदामाने आगीच्या वेळीही पाहिला नव्हता. लग्नाच्या अल्बममधून धाकट्याचा फोटो काढून प्रत्येक गार्डच्या हाती दिला गेला. "हा चेहरा झोपेतसुद्धा ओळखता आला पाहिजे," थोरले गरजले. "आणि पास नसेल तर माझ्या बापालासुद्धा आत सोडायचं नाही!"

गार्ड डोळ्यांत तेल घालून उभे राहिले. धाकटा सफाई कामगाराच्या वेषात आला, पकडला गेला. मालाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आला, पुन्हा पकडला गेला. थोरले त्या आठवड्यात आरशासमोर शीळ घालत दाढी करत होते.

शेवटच्या दुपारी थोरल्यांना कॅमेऱ्यात तो दिसला. रस्त्यापलीकडच्या दुकानात सरबत पीत, मान खाली घालून बसला होता. थोरल्यांना राहवेना. ते उठले, रस्ता ओलांडला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"काय जावईबापू, दमलात?"

"हरलो, दादा. घरीच निघालो होतो. खरंच, मानलं तुम्हाला."

झालं! हे 'मानलं' ऐकायला थोरले किती वर्षं ताटकळले होते! पण रस्त्यावर नुसतं मानून काय उपयोग? कशाकशाला मानलं, ते त्याला कळायला नको?

"चल, दाखवतो तुला!" त्यांनी त्याचा दंडच धरला.

फाटकावर गार्ड आडवा आला. "साहेब, यांचा पास? आणि हे तर फोटोतले…"

"मी आहे ना बरोबर! हो बाजूला."

"हे बघ, इथे कार्ड लागतं," म्हणत थोरल्यांनी स्वतःचं कार्ड लावलं. "आणि इथे बोटाचा ठसा." बोटही त्यांचंच. "आणि ही खोली! इथून मी तुझं सरबतसुद्धा मोजत होतो!"

धाकटा भिंतभर पडद्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा… हा नियंत्रण कक्ष ना?"

थोरल्यांचा चेहरा असा उतरला की पडद्यांसमोर बसलेल्या ऑपरेटरने खुर्ची पुढे केली.

धाकट्याने खिशातून स्टिकर काढलं, त्याकडे पाहिलं आणि परत खिशात घातलं. "जाऊ द्या. मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही पहिले या, दादा. मला खरंच आनंद होईल."

त्याला खरंच आनंद झाला असता, तिथेच तर सगळं बिनसलं. थोरल्यांना जन्मभराचं चित्र दिसलं. सासुरवाडीत आपण पहिल्या नंबराने बसलोय आणि समोर हा गोड माणूस काहीएक न बोलता आपल्याकडे मायेने बघतोय.

"दया करतोस माझ्यावर?" ते ओरडले. "आण ते इकडे!"

त्यांनी त्याच्या खिशात हात घातला, स्टिकर ओढून काढलं आणि मधल्या पडद्यावर थाडकन चिकटवलं, चांगलं अंगठ्याने दाबून.

"अहो दादा, पण पहिला नंबर…"

"खड्ड्यात गेला! आता बस इथे आणि अहवाल लिही. गार्डने पास मागितला होता, हे पहिलं घाल. त्याची चूक नाही, उगाच त्याचं नाव खराब होईल. 'सुरक्षाप्रमुखाने स्वतः आत आणले.' आणले नको, 'आग्रहाने आणले' लिही. काय रे, साधं वाक्य जमत नाही आणि म्हणे वर्गात पहिला!"

धाकटा लिहीत होता. थोरले त्याच्या डोक्यामागे उभे राहून सांगत होते आणि मधूनच, किती दाट आहेत, म्हणून त्या केसांकडे बघत होते.