घरचा भाव

सगळा बाजार तिला भावबाई म्हणायचा. महागाई मोजणाऱ्या सरकारी कचेरीत ती नोकरीला होती. काम ऐकायला सोपं. दर महिन्याला ठरलेल्या दुकानांत जायचं, तीच साखर, तेच सुटं तेल, तीच अंडी, भाव विचारायचा, टिपून घ्यायचा आणि पुढच्या दुकानाची वाट धरायची. गावोगावचे असे भाव गोळा करून कचेरी देशाच्या महागाईचा आकडा काढायची आणि त्यावर लोकांच्या पेन्शनी वाढायच्या. नियम एकच कडक होता. जिथे भाव टिपायचा, तिथे स्वतः काही विकत घ्यायचं नाही. ओळखीपाळखीने कुणी भाव पाडून सांगायला नको! भावबाईने तो नियम इतका पाळला की त्या रस्त्यावर तिने कधी साधी काडेपेटीसुद्धा घेतली नाही.

पण तोंड! तोंडाला मात्र कसलाच नियम नव्हता. भाव जरा चढला की बाईंचा पारा त्याच्याआधी चढायचा. "लाज कशी वाटत नाही रे? गरिबांनी खायचं काय?" जणू भाव दुकानदाराने रात्री जागून स्वतःच्या हाताने वाढवला होता. बिचारा खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

घरचं सामान लांबच्या बाजारातून आणायची तायडी, तिची थोरली बहीण. आईच्या माघारी हिनेच भावबाईला लहानाचं मोठं केलेलं. तायडीचा जन्म गेला सरकारी कारखान्याच्या कँटीनमध्ये गल्ल्यावर. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारा माणूस पैदा व्हायचा होता. दहा जण एकदम ओरडले तरी ती दहा जणांची मोड बिनचूक परत द्यायची. आता पेन्शनीत निघालेली, पण ऐट तीच.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी बिनसलं. तायडी सामान घेऊन आली की पैसे कमीच उरायचे.

"अगं, साखर एवढी कुठली महाग? मी परवाच भाव टिपलाय," भावबाई म्हणायची.

"एवढेच घेतले गं त्याने."

"मग कुठे पाडलेस का? कुणाला दिलेस?"

पहिल्यांदा दोघी हसल्या. नंतर भावबाई चिडली. नंतर, आणि हे फार वाईट, ती चिडायची बंद झाली. गोड बोलायला लागली. डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं की विसरायला होतं, जपा. तेव्हापासून तायडी पहाटे उठून भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायची. भावबाईला वाटलं, झालं, आता स्वतःशीच बोलायलाही लागली. अंथरुणातच तिने डोळ्यांना पदर लावला.

शेवटी तायडीनेच विषय काढला. "मला त्या वृद्धाश्रमात ठेव. आज पैसे विसरते, उद्या गॅस चालू ठेवून बसेन. माझ्यापायी तू जळायला नकोस." भावबाई रडली, नाही नाही म्हणाली आणि मग जागा बघून आली. सोमवारी जायचं ठरलं. तायडीने पैशांची पिशवी तिच्या हातात दिली आणि बाजाराचं नाव टाकलं.

शनिवारी घरात साखरेचा कण नव्हता. त्यात भावबाईची दाढ सकाळीच काढलेली, गाल टम्म फुगलेला. लांबच्या बाजारात जायचं त्राण नव्हतं. एक दिवस नियम मोडला तर आभाळ कोसळत नाही, असं म्हणत तिने तोंडाभोवती मफलर गुंडाळला आणि नेहमीच्या रस्त्यावरच्या टोपीवाल्या किराणावाल्यासमोर जाऊन उभी राहिली. बोलायची सोय नव्हती. बोटानेच साखर दाखवली, तेल दाखवलं.

टोपीवाल्याने पैसे सांगितले आणि भावबाईला वाटलं, दाढेबरोबर कानही गेले. पुन्हा विचारायला तिने हात हलवला. तोच आकडा! परवा सांगितला त्याच्या जवळजवळ दीडपट. शेजारच्या दोघी बायका त्याच भावाने पैसे मोजून गुमान निघून गेल्या. तिनेही पैसे मोजून दिले, पण राहवलं नाही.

तिने मफलर खाली ओढला आणि तोंडातल्या कापसासकट ओरडली, "लुटारू मेल्या! मला परवा काय सांगितलं होतंस?"

"अरेच्चा, बाई, तुम्ही होय!" टोपीवाल्याने जीभ चावली आणि घेतलेल्या पैशांतले भराभर परत काढून तिच्यापुढे सरकवले. "आधी ओळख नाही का द्यायची? तुम्हाला घरचा भाव."

"कसला घरचा भाव?"

"अहो, मागच्या वर्षी भाव भडकले तेव्हा तुम्ही किती कळवळलात! डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. आम्हालाच कसंतरी झालं. मग सगळ्यांनी ठरवलं, बाईंना जरा कमीच सांगायचं. उगीच जिवाला घोर कशाला? अंडीवाली, तेलवाला, सगळेच तसं सांगतात. तुम्ही थोड्याच विकत घेताय?"

तो हसत होता. चांगलं काम केल्यासारखा हसत होता! भावबाईच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षभर तिने टिपलेला एकेक भाव खोटा होता, आणि तो कचेरीत गेला होता, आकड्यात मिसळला होता, त्यावर पेन्शनी ठरल्या होत्या. बाकीच्या गावांतल्या भाव टिपणाऱ्यांनाही कुणी असंच माया करून फसवत असेल तर?

आणि मग तिला तायडी आठवली. पैसे फळीवर तसेच टाकून ती घराकडे सुटली.

तायडी खाटेवर बसली होती. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली.

"तायडे," भावबाई तिच्या पायाशी बसली. "तुझं काही चुकलं नव्हतं गं. पैसे तेवढेच होत होते. मलाच सगळे खोटा भाव सांगत होते." तिने सगळं सांगितलं, दुखऱ्या तोंडाने, अडखळत. "तुझी पेन्शनसुद्धा माझ्यामुळे कमी वाढली असेल. सोमवारीच कचेरीत जाऊन सांगते. नोकरी गेली तर गेली."

तायडीने तिचा हात घट्ट धरला.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"आहे गं, आहे!"

"पेन्शनचं मरू दे," तायडी म्हणाली. "रोज पहाटे उठून मी पाढे म्हणायचे. एकोणतिसापर्यंत. कुठे अडखळते ते बघायला. इतक्या महिन्यांत एकदाही चुकले नाही मी. एकदाही नाही. तरी मी तुझंच खरं धरलं."